मोठ्यांची शाळा : पहिल्या धड्याचा इतिहास



आजचा विषय आहे मोठ्या माणसांची शाळा. वयाच्या तिशीत, पन्नाशीत, सत्तरीत पहिल्यांदा पाटी हातात घेणाऱ्या माणसाला कसं शिकवायचं, हा प्रश्न आपल्याकडे आणि जगात इतरत्र कुणी कसा सोडवला, त्याचा इतिहास. धोरणांचा आणि योजनांचा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. मला आज त्या वर्गाच्या आत शिरायचंय. पहिल्या संध्याकाळी फळ्यावर कोणता शब्द लिहिला गेला, शिकवणारा कुठे बसला, शिकणारा कशावर बसला, आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला का, एवढंच बघायचंय.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. लहान मूल शिकायला लागलं की त्यासाठी आपल्याकडे किती गोड शब्द आहेत बघा. श्रीगणेशा, ओनामा, धुळाक्षरं. ‘ओनामा’ हा शब्द तर ‘ॐ नमः सिद्धम्’ या जुन्या मंगलवचनातून घासत घासत आला. मूल पाटीवर पहिली रेघ ओढतं तेव्हा घरात कौतुक असतं. आणि मोठ्या माणसासाठी आपल्याकडे काय आहे? ‘अंगठाबहाद्दर’. म्हणजे एकाच गोष्टीसाठी, अक्षर न येण्यासाठी, मुलाला कौतुक आणि बापाला टोमणा. मोठ्यांच्या शिक्षणाची पहिली अडचण या शब्दात आहे, आणि ती लिपीची अडचण नव्हे. ती लाजेची आहे.

ही अडचण थोड्याथोडक्यांची नव्हती. 1951 च्या जनगणनेत भारतातले शंभरातले साधारण 18 लोक साक्षर होते. बाकीच्यांपैकी मुलांना शाळेत पाठवता येईल, पण मोठ्यांचं काय? त्यांच्या मतावर नवं प्रजासत्ताक उभं राहणार होतं, त्यांच्या अंगठ्यावर सावकाराचा कागद उभा होता. त्यामुळे त्यांना शिकवायचं कसं हा प्रश्न केवळ मास्तरांचा नव्हता.

पुणे, 1855 : आधी वेळ

मुलींच्या शाळेसाठी आपण जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना ओळखतो. भिडेवाडा, 1848. त्यामानानं कमी बोललं जातं ते 1855 सालच्या रात्रशाळेबद्दल. दिवसभर शेतात आणि मजुरीवर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी फुले दांपत्यानं पुण्यात रात्रीचा वर्ग सुरू केला. आज ‘रात्रशाळा’ शब्द इतका सवयीचा झालाय की त्यातला विचार दिसत नाही. तो विचार असा, की शाळेची वेळ विद्यार्थ्यानं पाळायची की विद्यार्थ्याची वेळ शाळेनं? लहान मुलाला दहाचा ठोका पाळायला सांगता येतं. ज्याच्या रोजावर घर चालतं त्याला दहा वाजता वर्गात बोलावणं म्हणजे ‘येऊ नकोस’ असं सांगणंच झालं.

त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. भटजीच्या भूलथापांना बळी पडलेलं एक कुणबी जोडपं त्यात आहे. नाटकाच्या शेवटी नवरा-बायको ठरवतात की आपण रात्रीच्या शाळेत जायचं. हे लक्षात घेण्यासारखं आहे. इथं अक्षर शिकण्यामागे एक नेमका राग आहे. आपल्याला कुणी, कसं फसवलं हे कळल्यावर शाळेचा रस्ता सापडतो. मोठा माणूस शिकायला येतो तो असं काही कारण घेऊनच. ते कारण ओळखणं, हीच पद्धतीची पहिली पायरी असते. पुढच्या शंभर वर्षांत हे बऱ्याच जणांना नव्यानं शोधावं लागलं.

लानाव, 1930 : पहिल्या दहा मिनिटांत यश

आता फिलिपिन्सला जाऊ. मिंदानाव बेटावर लानाव नावाचा प्रदेश आहे, तिथं मारानाव नावाचे मुस्लिम लोक राहतात. फ्रँक लाउबाक हा अमेरिकन मिशनरी 1930 च्या सुमारास त्यांच्यात राहून त्यांची भाषा शिकला आणि ती रोमन अक्षरांत शिकवू लागला.

त्यानं काय केलं? भाषेतली बहुतेक सगळी व्यंजनं येतील असे मोजके शब्द शोधले. त्यातले तीन प्रसिद्ध आहेत : ‘मालाबांगा’, हे त्यांच्याच भागातल्या एका गावाचं नाव, ‘कारातासा’, म्हणजे कागद, आणि ‘पागानादा’, म्हणजे शिकणं. मा-ला-बा-ङा, का-रा-ता-सा, पा-गा-ना-दा. हे मोठ्यानं म्हणून बघा, एक ठेका लागतो. तीन शब्द आले की बारा व्यंजनं आली, आणि बारा व्यंजनं आली की पुढे स्वर बदलत जायचे. वर्णमाला पाठ करत महिने घालवायची गरजच उरली नाही.

नंतर त्यानं चित्रांचे तक्ते केले. ज्या वस्तूचं नाव त्या अक्षरानं सुरू होतं, तिचं चित्र अक्षराच्याच आकारात बसवायचं. पण तक्त्यांपेक्षा मला त्याचे वर्गातले नियम महत्त्वाचे वाटतात. शिकणाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, शेजारी बसायचं. ज्याचं उत्तर त्याला येणार नाही असा प्रश्न विचारायचाच नाही. चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, बरोबर काय ते आपण पुन्हा म्हणायचं. आणि पहिल्याच बैठकीत त्याच्या हातून काहीतरी वाचून व्हायला हवं.

हे वाचायला साधं वाटतं. पण आपल्या शाळेची परीक्षाप्रधान सवय आठवा. आपण प्रश्न विचारतो तो समोरच्याला काय येत नाही हे शोधायला. मुलाला ती सवय लागते. पन्नाशीच्या माणसाला, ज्याच्या शब्दाला घरात आणि भावकीत मान आहे, चारचौघांत एकदा जरी ‘चुकलं’ म्हटलं, तरी तो काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी येत नाही, इतकंच.

मंदीच्या काळात लाउबाकच्या कामाचे पैसे आटले. पगारी शिक्षक ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा तिथल्याच एका सरदारानं फर्मान काढलं की जो शिकेल त्यानं दुसऱ्याला शिकवलंच पाहिजे. लाउबाकच्या सांगण्याप्रमाणे फर्मानात न शिकवणाऱ्याला मारून टाकण्याची धमकीही होती! ‘एकानं एकाला शिकवा’ ही घोषणा पुढे जगभर फिरली. तिच्यामागची गंमत अशी की नुकताच शिकलेला माणूस चांगला शिक्षक ठरला. आपल्याला कालपर्यंत काय अडत होतं हे त्याला ताजं आठवत असतं.

1930 च्या दशकात लाउबाक भारतात आला, इथल्या भाषांसाठी तक्ते करायला त्यानं मदत केली, गांधीजींनाही भेटला. गांधीजींचं मत वेगळं होतं. नुसती अक्षरओळख म्हणजे शिक्षण नव्हे, असं ते सातत्यानं म्हणत. हा वाद बाजूला ठेवू नका, थोड्या वेळानं तो परत येणार आहे.

थोडं आपल्या लिपीबद्दल

रोमन लिपीत अक्षरामागून अक्षर सरळ चालत येतं. आपलं तसं नाही. आपल्या अक्षराला काना उजवीकडे, उकार खाली, मात्रा डोक्यावर. आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची पण उच्चारायची नंतर! मूल हे सगळं दोन-तीन वर्षांत सवयीनं पचवतं. मोठा माणूस विचारतो, ‘असं का?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

मराठीतला एक जुना उपाय आपल्या सगळ्यांना माहीत आहे : ‘ग म भ न’. वर्णमालेच्या क्रमात ही अक्षरं एकमेकांपासून दूर आहेत. पण हाताला ती जवळची आहेत. उजवीकडे उभा दांडा, डावीकडे थोडा फरक. एकाच्या वळणावरून दुसरं येतं. वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे, कंठापासून ओठापर्यंत. तो भाषाशास्त्र म्हणून थोर आहे. पण फावड्याच्या दांड्याला सरावलेल्या हाताला पेन्सिल धरायला शिकवताना आकाराचा क्रम जास्त कामाला येतो. ‘ग म भ न’ झालं की ‘मन’, ‘मग’, ‘नग’, ‘नमन’ लगेच वाचता येतात.

फक्त एक उणीव राहते. ‘मन’ आणि ‘नग’ वाचून माणसाला अक्षरं येतात, पण त्याच्या कामाचं काही हाती लागत नाही. हाताला सोपं काय याचं उत्तर झालं. माणसाला हवं काय, ते राहिलंच.

जॉन्स आयलंड, 1957 : बाकं बदला, शिक्षक बदला

हे उत्तर सापडतं अमेरिकेत, साउथ कॅरोलायना राज्यात. चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथं कृष्णवर्णीय शेतमजूर आणि घरकामगार राहत. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्याच्या संविधानातला उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना पिढ्यानपिढ्या धड शाळा मिळू दिली नव्हती, त्यांच्यासाठी ही परीक्षा. हेतू उघड होता.

ईसो जेंकिन्स हे बेटावरचे पुढारी रोज आपली बस चालवत, मजुरांना चार्ल्सटनला नेत. जाता-येता बसमध्येच ते संविधानाचे उतारे समजावून सांगत. ॲलिस वाइन नावाच्या एका प्रवासी बाईंनी उतारा ऐकून ऐकून पाठ केला होता. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना खरोखर वाचायचं होतं.

त्या भागात याआधी प्रौढांचे वर्ग झाले नव्हते असं नाही. झाले होते आणि ओस पडले होते. हायलँडर फोक स्कूलचे माइल्स हॉर्टन यांनी तिथं राहून कारण शोधलं. ते असं, की वर्ग प्राथमिक शाळेत भरे, आणि उंचपुऱ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांत पाय दुमडून बसावं लागे. पोरं त्यांची टिंगल करत. झालं! पैसा होता, शिक्षक होता, पुस्तकं होती. बाकानं वर्ग मोडला.

मग जेंकिन्स, हॉर्टन आणि सेप्टिमा क्लार्क यांनी नवी मांडणी केली. क्लार्क स्वतः अनुभवी शिक्षिका. नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून 1956 साली त्यांची नोकरी गेलेली. त्यांनी वर्गासाठी निवडलं कुणाला? बर्निस रॉबिन्सन यांना. त्या केशकर्तन आणि शिवणकाम करत, शिक्षिका नव्हत्या. निवड विचारपूर्वक होती. ज्याला शाळामास्तरकीची सवय नाही तो प्रौढांना मुलांसारखं वागवणार नाही. शिवाय त्यांची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय, त्यामुळे गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता.

जानेवारी 1957 मध्ये किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पुढे दुकान, मागे शाळा, म्हणजे जाता-येता कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. पहिल्या वर्गात 14 जण होते. रॉबिन्सनबाईंनी प्राथमिक शाळेची पुस्तकं आणली होती, ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. लोकांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं आली : स्वतःचं नाव लिहायचंय. दूरच्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नको. मनीऑर्डरचा फॉर्म भरता यायला हवा. संविधानाचा उतारा वाचायचाय. हा झाला अभ्यासक्रम.

नाव लिहिण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती केली. प्रत्येकाचं नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि त्यावरून पेन्सिल फिरवायला सांगितलं, पुन्हा पुन्हा, हाताला वळण कळेपर्यंत. हिशेब शिकवायला दुकानाच्या जाहिराती घेतल्या. भिंतीवर मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लावला, आणि वर्ग संपेपर्यंत तो सगळ्यांना वाचता यावा असं ठरवलं.

म्हणजे बघा, मजकूर सोपा म्हणून तिथं कावळा-चिमणीची गोष्ट नव्हती. मानवी हक्कांचा जाहीरनामा होता. शब्द अवघड, पण विषय स्वतःचा. प्रौढांच्या वर्गात ‘सोपं’ या शब्दाचा अर्थ इथं बदलतो. ओळखीचं आणि गरजेचं असेल तर अवघडही पेलतं. पोरकट असेल तर सोपंही नको होतं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी, साधारण तीन महिने वर्ग चालला. मग ही मंडळी नोंदणी कचेरीत गेली, आणि मतदार होऊन आली. शेजारच्या बेटांवरून मागणी आली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेनं हे काम हाती घेतलं आणि दक्षिणेतल्या राज्यांत असे ‘नागरिकत्व वर्ग’ पसरले. 1965 च्या मतदान हक्क कायद्यानं अशा राज्यांमधल्या वाचन-परीक्षा बंद पाडल्या. तोपर्यंत हजारो माणसं या वर्गांतून गेलेली होती. कायदा वरून आला हे खरं, पण खालून ढकलणाऱ्यांत ही माणसं होती.

अंगिकोस, 1963 : शब्द कुणाचा?

आता ब्राझील. इथंही निरक्षराला मत नव्हतं. ईशान्येतल्या गरीब, दुष्काळी प्रदेशात, अंगिकोस या गावात, 1963 च्या सुरुवातीला पावलो फ्रेरे यांच्या पद्धतीनं सुमारे 300 शेतमजूर-कामगारांचे वर्ग झाले. मुदत होती 40 तास.

फ्रेरेंची माणसं आधी गावात जाऊन नुसतं ऐकत. लोक कामावर, बाजारात, दारूच्या गुत्त्यावर काय बोलतात, कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात, कोणत्या शब्दाशी आवाज चढतो. त्यातून पंधरा-सतरा शब्द निवडत. निवडीच्या कसोट्या दोन. एक, त्यात भाषेतले सगळे ध्वनी हळूहळू अवघड होत यायला हवेत. दोन, शब्द उच्चारल्यावर लोकांना बोलावंसं वाटायला हवं. पहिली कसोटी लाउबाकची होती. दुसरी फ्रेरेंची.

त्यांच्या लिखाणातलं प्रसिद्ध उदाहरण ‘तिझोलो’, म्हणजे वीट. आधी पडद्यावर बांधकामाचं चित्र. त्यावर गप्पा : विटा कोण पाडतं, घर कुणाचं होतं. मग शब्द. मग त्याचे तुकडे : ति-झो-लो. मग प्रत्येक तुकड्याचं कुटुंब : ता ते ति तो तु, झा झे झि झो झु, ला ले लि लो लु. हा झाला तक्ता. आता शिक्षक गप्प बसतो आणि लोक तुकडे जुळवून नवे शब्द करतात. फ्रेरेंनी नोंदवलंय की एका माणसानं पहिल्याच संध्याकाळी जुळवलं : ‘तु झा ले’. अर्थ काय? ‘तुला आता वाचता येतं.’

वर्गाला ते ‘शाळा’ म्हणत नसत, ‘संस्कृती-मंडळ’ म्हणत. शिक्षकाला म्हणत ‘समन्वयक’. आणि अक्षरांच्या आधी दहा चित्रांवर नुसती चर्चा होई. निसर्गानं केलेलं काय आणि माणसानं केलेलं काय? झाड कुणी केलं नाही, विहीर माणसानं खणली. मातीचं मडकं घडवणाराही संस्कृती घडवतो. ‘मी अडाणी’ असं म्हणत आलेल्या माणसाला आधी हे कळावं की तो काहीतरी जाणतो. मग अक्षर.

अंगिकोसच्या समारोपाला राष्ट्राध्यक्ष ग्युलार्ट स्वतः हजर राहिले. 1964 साली देशभर वीस हजार मंडळं काढायची योजना झाली. हिशेब मोठा होता, कारण लाखो नवे मतदार तयार होणार होते. एप्रिल 1964 ला लष्करानं सत्ता घेतली. योजना गुंडाळली गेली, फ्रेरे तुरुंगात गेले, मग परदेशी. पंधराएक वर्षं त्यांना मायदेशी येता आलं नाही. वाचायला शिकवण्याच्या पद्धतीला सरकार घाबरतं, ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे.

हीच रीत मराठीत कशी दिसेल? एक शब्द घेऊ, ‘पगार’. गंमत म्हणजे हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला, फ्रेरेंच्याच भाषेतून. रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांच्या वर्गात आधी ‘पगार’ या शब्दावर बोलू द्या. किती ठरला, किती हातात पडला, बाईला किती आणि गड्याला किती, मस्टरवर अंगठा कुणी घेतला. हे अर्धा तास चालेल, चालू द्या. मग तुकडे : प, गा, र. मग बाराखडी फक्त या तीन अक्षरांची. आता जुळवा : राग. गार. पार. पूर. रोग. पेरा. पेरू. पोरगा, पोरगी. एक टिंब दिलं की गुरं. विदर्भातली एखादी आजी ‘गारपगारी’ जुळवेल. गारा अडवणारा म्हणून पूर्वी गावोगाव ज्याला मान असे, तो. तीन अक्षरांत शेत, घर, आजार आणि राग सगळं आलं, आणि एकही शब्द शिकणाऱ्याला नवा नाही.

आपल्याकडे पुढं काय झालं?

महाराष्ट्रात 1959 साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिचं बळ वेगळं होतं. तिनं लाजेचा प्रश्न गावाच्या इभ्रतीनं सोडवला. एकटा माणूस निरक्षर नाही, गाव निरक्षर आहे. आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. शिकवणारे गावातले प्राथमिक शिक्षक. म्हाताऱ्यानं पाटी घेऊन जाणं हा चेष्टेचा विषय न राहता गावकीचं काम झालं. मोहीम पुढे राज्यभर गेली. मात्र चार महिन्यांच्या वर्गानंतर वाचायला काही नसेल, तर आलेलं अक्षर विसरायला फार दिवस लागत नाहीत, हा धडाही त्यातूनच मिळाला.

1978 साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम जाहीर केला. 15 ते 35 वयोगटातले 10 कोटी लोक, पाच वर्षांत. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. तीन भागांतली प्रवेशिका, पुस्तकातच छापलेल्या छोट्या चाचण्या, दोनेकशे तासांचा अभ्यास. फेब्रुवारी 1990 मध्ये केरळातला एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला.

या काळातली दोन उदाहरणं सांगतो. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या कारकिर्दीत साक्षरता मोहिमेनं बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. वर्गाला पोचायचं कसं, पाणी आणायचं कसं, बाजारात माल न्यायचा कसा, या प्रश्नांना सायकल हे उत्तर होतं. दुसरं उदाहरण आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याचं. तिथल्या साक्षरतेच्या पाठात दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, तिच्यावर बोलल्या, आणि उठून दारूचं दुकान बंद पाडलं. चळवळ राज्यभर गेली. ऑक्टोबर 1993 मध्ये सरकारला गावठी दारूवर बंदी घालावी लागली. धड्याचा शब्द वर्गातून रस्त्यावर गेला.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आकडा हेच ध्येय झालं की वर्ग कागदावर भरतो. पटावर नावं, परीक्षेला हजेरी, अहवालात टक्के. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही 2005 ची कादंबरी या कागदी साक्षरतेवरच आहे. ज्यांनी अशा मोहिमा आतून पाहिल्यात ते ती वाचून हसतात, आणि हसता हसता गप्प होतात. गांधीजींची शंका इथं परत येते. अक्षर आलं, पण माणसाच्या हाती काय आलं? फ्रेरे आणि रॉबिन्सनबाईंचं उत्तर असं की दोन्ही एकदमच यायला हवं, आधी अक्षर आणि मग अर्थ असा हप्ता चालत नाही.

अलीकडचं उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावचं. 8 मार्च 2016 ला तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या आज्या, गुलाबी साडीचा गणवेश, पाठीला दप्तर. गणवेशावर काही जण नाक मुरडतात, की हे म्हाताऱ्यांना मूल बनवणं झालं. मला तसं वाटत नाही. जॉन्स आयलंडच्या माणसांवर लहान बाक लादलं गेलं होतं. इथं ज्या बाईला आयुष्यात दप्तर मिळालंच नाही, तिनं ते मिरवलं. फरक कुठे आहे, हे वस्तूकडे बघून नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं.

माझं बोलणं इथं थांबवतो. दोन प्रश्न आलेत, ते घेऊ.

प्रश्न : आमच्या वस्तीत वर्ग चालतो. बायका दोन महिने येतात, सुगी लागली की बंद होतात. पुन्हा आल्या की मागचं विसरलेल्या असतात. काय करावं?

सुगीत वर्ग बंद ठेवा, आणि बंद ठेवलाय असं आधीच सांगा. म्हणजे त्या ‘गैरहजर’ ठरत नाहीत, सुट्टीवर ठरतात. हा शब्दांचा खेळ नव्हे. गैरहजर माणूस परत यायला लाजतो. आणि जाताना हातात काहीतरी द्या : स्वतःच्या अक्षरांतला रोजाचा हिशेब ठेवायची वही. रोज एक तारीख, एक आकडा, मालकाचं नाव. दोन महिन्यांनी ती वही हाच तुमचा पुढचा धडा. परत आल्यावर ‘काय विसरलात’ असं विचारू नका. ‘वहीत काय आहे’ असं विचारा.

प्रश्न : आता फोन बोलतो, बोललेलं लिहून घेतो, लिहिलेलं वाचून दाखवतो. मग सत्तरीच्या माणसाला अक्षरं शिकवण्याचा अट्टाहास कशाला?

प्रश्न चांगला आहे. फोन पत्र वाचून दाखवतो हे खरं, आणि ज्याला तेवढंच पुरे आहे त्याला जबरदस्ती करू नये. पण ॲलिस वाइन आठवा. उतारा त्यांना तोंडपाठ होता. तरीही त्यांना वाचायचं होतं, कारण दुसऱ्याच्या तोंडून आलेलं खरं आहे की नाही हे तपासायला त्यांच्याकडे काही नव्हतं. फोनच्या बाबतीतही तेच आहे. स्पीकरवर ‘पाचशे रुपये जमा’ ऐकू आलं, पण पडद्यावर पन्नास असतील तर? फोन वाचून दाखवेल. काय वाचायचं आणि कशावर सही करायची नाही, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं. तेवढ्यापुरती तरी अक्षरं आपली स्वतःची असलेली बरी.